दुरून पाहायचा संगणक आणि सोबत न्यायची नोंद
(आपल्या रुग्णालयातील व्हर्च्युअल डेस्कटॉप व्यवस्थेविषयी)

या अहवालाच्या अखेरीस जोडलेल्या ताळेबंदात 'संगणक व संगणकप्रणाली' असे एक शीर्ष आहे. शस्त्रक्रिया, डायलिसिस, औषधे, परिचारिकांचे वेतन या शीर्षांखालील रकमांविषयी देणगीदारांस सहसा प्रश्न पडत नाही. या शीर्षाविषयी मात्र तो पडतो, आणि तो रास्तही आहे. ज्या रकमेतून एखाद्या निर्धन रुग्णाची शस्त्रक्रिया झाली असती, ती रक्कम यंत्रांवर का खर्च करावी, असे विश्वस्त मंडळातील काही ज्येष्ठ सदस्यांनीही विचारले. प्रश्न ज्या आपुलकीने विचारला गेला, त्याच आपुलकीने त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रशासन विभागात काम करणारे आम्ही बहुतेक जण वाणिज्य शाखेतून आलेलो आहोत. कीर्द, खतावणी आणि ताळेबंद ही आमची भाषा. म्हणून संगणकाची ही व्यवस्था आम्ही हिशेबाच्याच दृष्टीने समजून घेतली, आणि त्याच पद्धतीने ती आपणांपुढे मांडत आहोत.

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकात तीन गोष्टी एकत्र असतात : गणना करणारे यंत्र, माहिती साठवण्याची जागा आणि काम करण्याचा पडदा. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या व्यवस्थेत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कर्मचाऱ्याच्या टेबलावरून उचलून एका कुलूपबंद, वातानुकूलित खोलीतील मोठ्या सर्व्हरवर नेलेल्या असतात. टेबलावर उरतो तो केवळ पडदा, कळफलक आणि माऊस. त्या एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी संगणक निर्माण केलेले असतात. प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याचा स्वतंत्र संगणक दिसतो, परंतु तो वस्तुतः त्या खोलीतच चालत असतो. कर्मचारी कळ दाबतो तेव्हा तेवढा संकेत सर्व्हरकडे जातो, आणि तिकडून पडद्याचे बदललेले चित्र परत येते.

बँकेचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. पूर्वी बँकेच्या खिडकीशी उभे राहिल्यावर आतील मोठी खातेवही आपणांस दिसत असे. आपले नाव, आपली शिल्लक वाचता येत असे. परंतु ती वही खिडकीबाहेर कधी येत नसे. व्हर्च्युअल डेस्कटॉप ही अशीच एक खिडकी आहे. दिसते सारे, बाहेर जात काही नाही.

ही कल्पना नवी नाही. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची सोय आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० या नावाने उपलब्ध केली. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्ती काढली, आणि एकाच सर्व्हरवर अनेकांनी दुरून काम करण्याची पद्धत सामान्य कार्यालयांत रुजू लागली. प्रत्येकास स्वतंत्र आभासी संगणक देण्याची आजची पद्धत २००६ च्या सुमारास व्हीएमवेअरने नावारूपास आणली. त्यानंतर सर्व्हरदेखील स्वतःचा न ठेवता भाड्याने घेण्याची सोय झाली. मायक्रोसॉफ्टची अशी सेवा २०१९ साली सर्वांसाठी खुली झाली व २०२१ पासून ती 'अझुर व्हर्च्युअल डेस्कटॉप' या नावाने ओळखली जाते. तात्पर्य, अनेक दशकांच्या अनुभवातून तावून सुलाखून निघालेली ही पद्धत आहे.

आवारातील उपयोग

रुग्णालयाच्या आवारात या व्यवस्थेचा पहिला लाभ परिचारिकांस होतो. कक्षातील सिस्टरने एखादी नोंद अर्धवट ठेवून शस्त्रक्रियागृहाकडे जावे लागले, तर तेथील पडद्यावर आपला परवलीचा शब्द देताच तीच नोंद, त्याच ओळीवर उघडते. एखाद्या टेबलावरील यंत्र बिघडले तर दुसरे जोडावयाचे, एवढेच काम उरते, कारण त्या यंत्रात माहिती नसतेच.

दुसरा लाभ जुन्या संगणकांचा. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी प्रणाली पेलण्यास असमर्थ असलेले, परंतु अन्यथा सुस्थितीत असलेले संगणक त्यामुळे अनेक संस्थांत अडगळीत गेले. मोठे काम सर्व्हर करणार असल्यास टेबलावरील यंत्र साधे असून चालते. त्यावर हलकीफुलकी विनामूल्य प्रणाली घालून ते निव्वळ खिडकी म्हणून आणखी काही वर्षे वापरता येते. देणगीदारांनी दिलेली वस्तू शेवटपर्यंत कामी यावी, हा आपल्या संस्थेचा शिरस्ता येथेही पाळता येतो.

दुरून वापर

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा घरून काम करण्याचा प्रश्न सर्वच कार्यालयांपुढे उभा राहिला. त्याच दिवशी केंद्र शासनाची दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. रुग्णसेवा घरून होत नाही, हे खरे. तथापि देयके तपासणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे प्रस्ताव पाठविणे, भांडाराचा हिशेब, वेतनपत्रके, लेखापरीक्षकांच्या शंकांचे निरसन ही कामे आवाराबाहेरून होऊ शकतात. बाहेरगावच्या सल्लागार डॉक्टरांस रुग्णाचे जुने कागद पाहावयाचे असतात, तेव्हाही दुरून पाहण्याची सोय उपयोगी पडते.

या वापरासाठी फार मोठ्या वेगाचे इंटरनेट लागते, असा एक समज आहे. साध्या कार्यालयीन कामास सेकंदाला काही शे किलोबिट एवढा वेग पुरतो. महत्त्व वेगापेक्षा विलंबाला अधिक असते. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा वेळ लांबला की काम करणारा कंटाळतो, दोनदा कळ दाबतो आणि आकड्यात चूक होते. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत जोडणी घेतल्यास संकेत जाऊन उत्तर परत येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. प्रकाशाच्या वेगावर कोणाचाच इलाज नाही. अशा जोडणीवरून पत्र वाचता येईल, औषधांच्या मात्रा भरणे मात्र धोक्याचे. म्हणून कोणते काम दुरून करावयाचे, हे आम्ही जोडणीचे स्वरूप पाहून ठरवितो.

काही कामे या खिडकीतून न करणेच श्रेयस्कर. सीटी स्कॅनच्या एका तपासणीत शेकडो प्रतिमा असतात. पडद्याचे चित्र पाठविताना ते आटोपशीर केले जाते, आणि त्यात करड्या रंगाच्या सूक्ष्म छटा पुसट होऊ शकतात. त्यामुळे अशा प्रतिमांवरील अंतिम निदान-अहवाल क्ष-किरण विभागातील खास पडद्यावरूनच द्यावा, असा आमचा दंडक आहे. दुरून पाहावयाचा तो लिहिलेला अहवाल.

सर्व्हर कोठे असावा?

यानंतर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि रुग्णालयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे : सर्व्हर आपल्या इमारतीत ठेवावा, की भाड्याने बाहेर घ्यावा? बाहेरची सोय आता दूरची राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टचे पुणे, मुंबई व चेन्नई येथील केंद्र २०१५ पासून, तर ॲमेझॉनचे मुंबई येथील केंद्र २०१६ पासून कार्यरत आहे. तेथील वीज, थंडावा आणि पहारा आपल्यासारख्या संस्थेस परवडणार नाही अशा दर्जाचा असतो.

परंतु सर्व्हर बाहेर असल्यास इंटरनेट बंद पडताच कक्षातील, औषधालयातील आणि नोंदणी खिडकीतील सर्व पडदे एकदम काळे होतात. सर्व्हर इमारतीत असल्यास बाहेरचे इंटरनेट गेले तरी आवारातील तारांवरून काम चालू राहते. अडतात ते केवळ बाहेरून पाहणारे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कोकणातील अनेक गावांत कित्येक दिवस ना वीज होती, ना मोबाईल. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर खुद्द मुंबईचाच वीजपुरवठा खंडित झाला आणि उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. आपल्या प्रदेशात हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत.

म्हणून रुग्णांच्या शुश्रूषेशी थेट निगडित असलेली प्रणाली इमारतीतील सर्व्हरवर, तीही तळमजल्याऐवजी वरच्या मजल्यावर, आणि पत्रव्यवहार, वेतन, प्रशिक्षण यांसारखी कामे बाहेरच्या सेवेवर, अशी विभागणी आम्ही स्वीकारली आहे. इंटरनेटच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या पुरवठादारांकडून घेतल्या आहेत, आणि त्यांच्या तारा वेगवेगळ्या रस्त्यांनी आल्या आहेत. दोन्ही तारा एकाच चरातून आल्या असत्या, तर रस्ता खणणाऱ्या एका यंत्राने दोन्ही एकदम तोडल्या असत्या.

जेथे इंटरनेटच नाही तेथे

येथवर वर्णिलेली सोय जोडणी असेपर्यंतची. आपला फिरता दवाखाना ज्या वाड्या-वस्त्यांवर जातो, तेथे घाटाचे वळण ओलांडले की मोबाईलचे संकेत नाहीसे होतात. मोतीबिंदूचे शिबिर शाळेच्या वर्गात भरते, आणि तेथे खिडकीतून पाहण्यासारखे पलीकडे काहीच नसते. अशा वेळी माहिती सोबत न्यावी लागते.

दुरून पाहणे आणि सोबत नेणे या दोन गोष्टी एकाच यंत्रावर, एकाच पडद्यावर होतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते. वस्तुतः त्या परस्परविरोधी आहेत. दुरून पाहताना वही आपल्या कपाटातच राहते. सोबत नेताना वही कपाटाबाहेर पडते. पहिल्यात चिंता जोडणीची. दुसऱ्यात चिंता वहीची. हा भेद विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी ध्यानी घ्यावा, यासाठीच हा लेख प्रामुख्याने लिहिला आहे. संगणकावरील खर्चाचा मोठा भाग या दोन चिंतांच्या निवारणासाठीच होतो.

संपूर्ण आभासी संगणकच लॅपटॉपवर उतरवून नेण्याची एक पद्धत आहे. तिचे व्यवहार ग्रंथालयासारखे असतात. सर्व्हरवरील आभासी संगणक कर्मचाऱ्याच्या नावावर दिला जातो; तो बाहेर असेपर्यंत सर्व्हरवरील मूळ प्रतीस कुलूप लागते, जेणेकरून दोन ठिकाणी दोन वेगळे बदल होऊ नयेत. परत आल्यावर केवळ बदललेला भाग सर्व्हरवर चढविला जातो. लॅपटॉपवरील प्रत कूटबद्ध असते, म्हणजे चावीवाचून ती वाचता येत नाही. आणि ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणे तिला मुदत असते. ठरलेल्या दिवसांत लॅपटॉपने सर्व्हरशी संपर्क साधला नाही, तर ती प्रत उघडेनाशी होते.

व्हीएमवेअरने २०१० साली ही सोय 'लोकल मोड' या नावाने आपल्या उत्पादनात आणली होती. पुढे काही वर्षांतच ती बंद केली. ती कंपनी २०२३ साली ब्रॉडकॉमने विकत घेतली, आणि तिचा डेस्कटॉप विभाग २०२४ साली वेगळा होऊन ऑम्निसा या नावाने उभा राहिला. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, संपूर्ण व्यवस्था एखाद्या उत्पादनाच्या एखाद्या सोयीवर उभारणे सूज्ञपणाचे नव्हे. मालक बदलतात, परवान्यांचे दर बदलतात, सोयी मावळतात. आपल्या नोंदी मात्र आपल्याच राहावयास हव्यात. यास्तव कोणताही करार करताना, सर्व माहिती सर्वमान्य स्वरूपात, कोणत्याही दिवशी बाहेर काढून घेता येईल, हे कलम आम्ही आवर्जून घालतो.

फिरत्या दवाखान्यासाठी आम्ही संपूर्ण संगणक सोबत नेत नाही. त्या दिवशीच्या गावातील, पुनर्तपासणीस येणाऱ्या रुग्णांची यादी, त्यांचा आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी एवढीच माहिती एका छोट्या प्रणालीत उतरवून घेतो. जे सोबत नेलेच नाही, ते हरवतही नाही. तेथे केलेल्या नोंदी लॅपटॉपवर साठतात, आणि आवारात परतल्यावर मूळ नोंदवहीशी जुळविल्या जातात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर शिबिरात लिहिली जाते ती कच्ची कीर्द. ती खतावणीत चढेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला, असे आम्ही मानीत नाही.

एक रुग्ण, दोन नोंदी

जुळवणीचा हा विषय दिसतो तेवढा सोपा नाही, आणि रुग्णाच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे. समजा, रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या एका वृद्ध रुग्णाची मात्रा सकाळी शिबिरात डॉक्टरांनी कमी केली. दवाखान्याची गाडी अद्याप घाटातच आहे. नोंद लॅपटॉपवर आहे, सर्व्हरवर नाही. त्याच रात्री त्या रुग्णास पडून इजा झाली आणि नातेवाइकांनी त्यास आपल्या तातडीच्या विभागात आणले. तेथील पडद्यावर जुनीच मात्रा दिसेल. पडदा खोटे बोलत नाही. त्यास अद्याप कळलेले नाही, इतकेच. परंतु रात्रपाळीच्या डॉक्टरांस तो फरक कसा कळावा?

यावर आमची योजना तीन पायऱ्यांची आहे. एक, शिबिरात औषधात बदल झाल्यास त्याची हाताने लिहिलेली, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी रुग्णाच्या हाती दिल्यावाचून त्यास पाठवावयाचे नाही. दोन, ज्या रुग्णांची माहिती त्या दिवशी बाहेर गेली आहे, त्यांच्या नावापुढे आवारातील पडद्यावर 'शिबिरातील नोंद येणे बाकी' अशी खूण दिसते. तीन, एकाच रुग्णाच्या दोन ठिकाणच्या नोंदी भिन्न आढळल्या, तर त्यांतील कोणती ग्राह्य धरावी, हे संगणकाने ठरवावयाचे नाही. अनेक प्रणाली जी नोंद शेवटी आली तीच खरी मानतात. औषधांच्या बाबतीत असे चालत नाही. दोन्ही नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या जातात आणि त्यांच्या सहीनेच एक कायम होते.

हिशेबाच्या बाजूसही अशी उदाहरणे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, आणि इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. शिबिरातून शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णाची शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला समाजसेवा अधीक्षक तेथेच पाहतात. तीच नोंद दाखल होताना खिडकीवर पुन्हा झाली, तर एकच रुग्ण निधीत दोनदा लागेल, खाट दोनदा भरलेली दिसेल, आणि कदाचित तिसऱ्या एखाद्या निर्धन रुग्णास 'खाट शिल्लक नाही' असे उत्तर मिळेल. नोंदीची दुरुस्ती ही येथे कारकुनी बाब राहत नाही.

गोपनीयता

रुग्णाने डॉक्टरांस विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्या भिंतींबाहेर जाऊ नये, ही वैद्यकीय नीती फार जुनी आहे. आता तिला कायद्याचेही पाठबळ आहे. एचआयव्हीबाधितांविषयीचा २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्यसेवा कायदा यांत गोपनीयतेची स्पष्ट तरतूद आहे. २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संसदेने संमत केला. लॅपटॉप बसमध्ये विसरला, चोरीस गेला किंवा पावसात भिजला, तर हानी यंत्राच्या किमतीपुरती राहावी, रुग्णाच्या लौकिकास तिची झळ लागू नये, हे आम्हांस पाहावे लागते.

म्हणून दुरून काम करणाऱ्यास परवलीच्या शब्दाबरोबर मोबाईलवर येणारा तात्पुरता क्रमांकही द्यावा लागतो. त्याच्या घरच्या संगणकावर फाइल उतरविणे, पेन ड्राइव्हवर घेणे वा घरच्या छपाईयंत्रावर छापणे बंद ठेवलेले आहे. सर्व्हरचे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे, ही खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरण्याची एक सर्वपरिचित वाट आहे. त्यामुळे बाहेरच्या प्रत्येकास आधी सुरक्षित प्रवेशद्वारातूनच यावे लागते. एचआयव्ही व मानसोपचार विभागांच्या नोंदी शिबिराच्या लॅपटॉपवर उतरविल्या जात नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद होतो, आणि कोणी, कोणाची, केव्हा नोंद उघडली, याची टाचणी सर्व्हर स्वतः ठेवतो.

सारे एका खुंटीला टांगू नये

या व्यवस्थेचा एक दोष आहे. सर्व संगणक एका खोलीत आले, म्हणजे त्या खोलीवरील आघात सर्वांवरचा आघात ठरतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंग्लंडमधील शासकीय आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० संस्थांचे काम विस्कळीत केले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले, आणि सुमारे दोन आठवडे नोंदणी, दाखला व प्रयोगशाळेची कामे हाताने करावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी तर कोणी हल्ला केलेला नसताना, सुरक्षेसाठीच घेतलेल्या एका सॉफ्टवेअरच्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले.

यापासून घ्यावयाचा बोध असा की, आधाराची शेवटची पायरी कागदाचीच असली पाहिजे. प्रत्येक कक्षात क्रमांकित छापील केसपेपर, औषधांच्या नोंदीचे तक्ते आणि पावतीपुस्तके असलेली एक पेटी मोहोरबंद ठेवलेली आहे. ठरावीक वेळाने दाखल रुग्णांची व त्यांच्या औषधांची संक्षिप्त यादी कक्षातील एका स्वतंत्र संगणकावर आपोआप उतरते. तो संगणक सर्व्हरवाचून चालतो व त्यास स्वतःची बॅटरी आहे. सर्व माहितीची एक प्रत दररोज घेतली जाते, आणि आणखी एक प्रत कोणत्याही तारेशी न जोडता दुसऱ्या इमारतीत ठेवली जाते. ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून उघडून पाहिले जाते. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

पडदे मुद्दाम बंद ठेवून कागदावर काम करण्याचा सरावही कक्षांत पाळीपाळीने केला जातो. नव्या पिढीतील कर्मचाऱ्यांस हाताने पावती लिहिण्याची सवय राहिलेली नाही. ज्येष्ठ सिस्टर आणि लेखनिक त्यांना ती शिकवितात, आणि त्या तासाभरात जुन्या माणसांचा अनुभव हीच संस्थेची खरी पुंजी असल्याचे सर्वांच्या लक्षात येते.

खर्चाचा विचार

ही व्यवस्था स्वस्त आहे, असे आम्ही म्हणणार नाही. टेबलावरील यंत्रांवरचा खर्च घटतो. परंतु सर्व्हर, बॅटऱ्या, परवाने आणि ते सांभाळणारी जाणकार माणसे यांवरचा वाढतो. परवाने बहुधा वार्षिक असतात, म्हणून एका वर्षीच्या देणगीतून ते कायमचे मिटत नाहीत. यास्तव, देणगीच्या रकमेतून टिकाऊ साधने घ्यावीत आणि वार्षिक परवान्यांचा भार नियमित उत्पन्नावर असावा, हे तत्त्व विश्वस्त मंडळाने मान्य केले आहे. निर्धन रुग्ण निधीस यासाठी हात लावला जात नाही. तो रुग्णांचा आहे.

डायलिसिसचे यंत्र हवे की सर्व्हर, असा पर्याय जर कधी उभा राहिला, तर आम्ही प्रथम डायलिसिसचे यंत्रच निवडू. परंतु त्या यंत्रावर येणाऱ्या रुग्णाचा रक्तगट, त्याची औषधे, त्याचा सवलतीचा हक्क आणि पुढची तारीख यांची नोंद कोठेतरी ठेवावीच लागते. ती जेथे ठेवू, तेथे ती खरी, सुरक्षित आणि वेळेवर सापडणारी असावी, यासाठी केलेला खर्च हा रुग्णसेवेवरीलच खर्च आहे, अशी आमची धारणा आहे.

नातेवाइकांस विनंती

रुग्णांच्या आप्तेष्टांस आमची काही नम्र निवेदने आहेत. शिबिरात किंवा रुग्णालयात मिळालेली चिठ्ठी 'सगळे संगणकात असतेच' असे समजून टाकून देऊ नये. रुग्णास कोठेही नेताना ती सोबत ठेवावी. रुग्णाचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक वेळी एकसारखेच सांगावेत, कारण नावातील एका अक्षराच्या फरकाने एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. खिडकीवरील कर्मचारी तेच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा त्यामागे ही पडताळणी असते. आपल्या कागदांच्या प्रती मागण्याचा आपणांस हक्क आहे; वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्या मिळावयास हव्यात. परंतु ओळख पटल्यावाचून, केवळ दूरध्वनीवरून, कोणाचीही माहिती दिली जात नाही. ती मागणारी व्यक्ती खरोखर जवळची असली तरीही हा नियम शिथिल होत नाही, याबद्दल रोष नसावा. आपल्या माणसाच्या खासगीपणाचे रक्षण त्यातच आहे.

यंत्रे येतील आणि जुनी होतील. आज नवलाची वाटणारी ही व्यवस्थाही काही वर्षांनी मागे पडेल. रुग्णाची नोंद खरी असावी, ती योग्य हाती वेळेवर पोहोचावी आणि अयोग्य हाती कधीही पडू नये, हे संस्थेचे दायित्व मात्र कायम राहणार आहे.  या शीर्षाखालील खर्चाचा तपशील ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनी कार्यालयीन वेळेत लेखा विभागात अवश्य यावे. वही आपल्यासाठी उघडी आहे.

— प्रशासन विभाग